७१ गाणी आणि एक जोगन

मदन थिएटर्सच्या ‘इंद्रसभा’ (१९३२) या बोलपटाचे नाव निघते ते बहुतेक वेळा एका आकड्यासाठी. या चित्रपटात किती गाणी होती? कुठे ६९ लिहिलेले आढळते, कुठे ७१, तर कुठे ७२. जगात एका चित्रपटात इतकी गाणी दुसरीकडे नाहीत म्हणून विक्रमांच्या यादीतही त्याची नोंद झाली. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवणीत ही माहिती चौकटीत येते, वाचणारा हसतो आणि पान उलटतो. साडेतीन तासांचा चित्रपट आणि सत्तर गाणी, म्हणजे जुन्या लोकांना दुसरा उद्योग नव्हता, असा त्या हसण्याचा अर्थ.

या हसण्याला माझी हरकत आहे. गाणी मोजणे हीच मुळात चुकीची मोजणी आहे. एखाद्या गद्य नाटकात पात्रांनी किती वाक्ये उच्चारली हे कोणी मोजत बसत नाही. ‘इंदरसभा’त गाणे हेच पात्राचे बोलणे आहे. अर्ज, तक्रार, प्रेम, शिक्षा, माफी असा सगळा व्यवहार तिथे गाण्यातून होतो. युरोपात ज्याला ऑपेरा म्हणतात त्याच्या जवळचे असे काही आपल्याकडे उर्दूत घडले असेल, तर ते हे. त्यातही ती पऱ्यांची कहाणी. तेव्हा त्या चित्रपटाची चर्चा करायची तर गाणी जास्त होती की कमी हा प्रश्न बाजूला ठेवावा लागेल. गाण्याने चालणारी परीकथा पडद्यावर आणताना काय टिकते आणि काय निसटते, हा खरा प्रश्न आहे.

चित्रपट आज पाहायला मिळत नाही. आपल्या पहिल्या बोलपटांपैकी बहुतेकांचे हेच झाले. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये झळकलेला ‘आलम आरा’सुद्धा उरला नाही. पण ‘इंद्रसभा’ ज्या नाटकावर उभा होता ते नाटक आपल्या हातात आहे. आगा हसन अमानत लखनवी (१८१५-१८५८) यांची ‘इंदरसभा’ छापील रूपात सतत राहिली. उर्दूत तर राहिलीच, नागरी, गुजराती आणि गुरुमुखी लिपीतही तिच्या आवृत्त्या निघाल्या. आज ‘रेख्ता’वर ती मोबाईलमध्येही वाचता येते. रिठदसारख्या गावात बसून लखनौचे हे पुस्तक उघडता यावे, ही आपल्या पिढीला मिळालेली मोठी सोय आहे.

कहाणी थोडक्यात सांगतो, कारण आपल्यापैकी अनेकांनी नाव ऐकलेले असते आणि कथा ठाऊक नसते. राजा इंदरच्या दरबारात एकामागून एक पऱ्या येतात. पुखराज परी, नीलम परी, लाल परी. पिवळी, निळी, तांबडी. प्रत्येक जण आपली ओळख सांगते, गाते, नाचते. चौथी सब्ज परी, म्हणजे हिरवी. तिची पाळी येईपर्यंत राजाला झोप लागते. या सब्ज परीचा जीव हिंदच्या शाहजादा गुलफामवर जडलेला असतो. ती काळ्या देवाला पाठवून झोपलेल्या गुलफामला उचलून आणवते. गुलफाम हट्ट धरतो की मला इंदरचा दरबार दाखव. ती नको नको म्हणते आणि शेवटी नेते. लाल देव त्याला पाहतो आणि चुगली करतो. माणूस परिस्तानात शिरला म्हणून गुलफाम कोहेकाफच्या विहिरीत कैद होतो. परीचे पंख उपटून तिला दरबारातून हाकलले जाते. ती जोगन होते, रानोमाळ गात फिरते. तिच्या गाण्याची कीर्ती इंदरच्या कानावर जाते आणि तिला दरबारात बोलावणे येते. ज्या राजाने तिला हाकलले तोच तिचे गाणे ऐकून बक्षीस देऊ करतो. ती बक्षिसे नाकारते आणि अखेर एकच मागते, गुलफाम.

अर्धे नाटक होईपर्यंत कथानक म्हणावे असे काही घडतच नाही. पऱ्या येतात, गातात, बसतात. गद्य नाटकाच्या मापाने हा मोठा दोष ठरेल आणि काही समीक्षकांनी तो दोष म्हणून दाखवलाही आहे. मला तसे वाटत नाही. तीन पऱ्यांचे गाणे राजा ऐकतो आणि चौथीच्या वेळी झोपतो. पुढे तीच चौथी, पंख नसलेली, भगव्या वेषात येऊन त्याला जागेपणी ऐकायला लावते. सुरुवातीची लांबण नसती तर या ऐकण्याला वजन आले नसते. अमानत यांनी दरबार दोनदा भरवला आहे. पहिल्यांदा कलावंत दरबारची चाकर आहे, दुसऱ्यांदा ती कोणाचीच चाकर नाही.

राजाच्या या झोपेत काही जणांना अवधचे राजकारण दिसते. फेब्रुवारी १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केले. मग झोपलेला इंदर म्हणजे वाजिद अली शाह, असे समीकरण मांडले जाते. त्याला जोडून आणखी एक कथा फार काळ चालली. नवाबाने स्वतः हे नाटक लिहवून घेतले, कैसरबागेत ते झाले आणि नवाब स्वतः इंदर झाले, अशी ती कथा. मसूद हसन रिझवी ‘अदीब’ यांनी ‘लखनऊ का अवामी स्टेज’ (१९५७) या ग्रंथात तिचा पाया काढून टाकला. ‘इंदरसभा’ शाही मंचावरची नव्हे, लोकांच्या मंचावरची होती, हे त्यांनी दाखवले. पण गंमत अशी की खोटी कथाच अजून जास्त सांगितली जाते. नवाब नाचत होता म्हणून राज्य गेले, हे सांगायला सोपे पडते ना! नाटक रचले गेले ते राज्य जाण्याच्या आधी. त्यात भविष्य शोधण्यापेक्षा जे लिहिले आहे ते वाचावे.

अमानत यांच्याबद्दलची एक गोष्ट मात्र नाटक वाचताना मनातून जात नाही. ऐन तारुण्यात आजारपणाने त्यांची वाचा गेली होती. पुढे करबलेच्या जियारतीनंतर ती काही प्रमाणात परत आली, पण बोलणे अडखळतच राहिले, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. मरसिये लिहिणारा, घराबाहेर फारसा न पडणारा हा माणूस. जिभेला गाठ पडलेल्या कवीने असे नाटक रचावे की ज्यात प्रत्येक पात्र येते आणि गात सुटते! त्याच माणसाने त्यात गझल लिहिली, ठुमरी लिहिली, होरीही लिहिली. भाषा कुठे दरबारी उर्दू, कुठे ब्रजकडे झुकणारी. इंद्र पुराणातला, पण त्याची कैद कोहेकाफात. पऱ्यांची नावे रत्नांची, आणि नायिका शेवटी जोगन. आमच्याकडे काही जण विचारतात की इंद्र आणि होरी हे आपले कसे. पलीकडचे काही जण विचारतात की गुलफाम आणि कोहेकाफ हे आपले कसे. १८५३ च्या सुमारास लखनौच्या गल्लीत हे नाटक पाहायला जमलेल्या लोकांना हा प्रश्न पडल्याचे दिसत नाही. पडला असता तर ते नाटक पेशावरपासून रंगूनपर्यंत गेलेच नसते.

आता आपल्या महाराष्ट्राचा संबंध. ‘इंदरसभा’ मुंबईच्या पारशी कंपन्यांनी उचलली. १८७१ मध्ये व्हिक्टोरिया कंपनीने ‘सोने के मोल की खुर्शीद’ उर्दूत केले आणि पारशी रंगभूमीला उर्दूचा चांगलाच लाभ कळला. पुढच्या काळात ‘इंदरसभा’ या कंपन्यांचे हुकमी नाटक झाले. १८८० मध्ये पुण्यात पारशी मंडळींचा असाच एक संगीत खेळ अण्णासाहेब किर्लोस्करांनी पाहिला आणि मराठीत असे का होऊ नये या ईर्षेने ‘शाकुंतल’ हाती घेतले, असे मराठी नाट्येतिहासात सांगितले जाते. तो खेळ ‘इंद्रसभा’चा होता असेही सांगतात. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग झाला आणि मराठी संगीत नाटकाचा जमाना सुरू झाला.

ही हकीकत आपल्याकडे एका वाक्यात उरकतात. पारशी मंडळींचा खेळ पाहिला, ईर्षा उत्पन्न झाली, पुढे चला. त्या खेळात नेमके काय पाहिले असेल, यावर कोणी थांबत नाही. विष्णुदास भाव्यांच्या नाटकांत (१८४३ पासून) पदे सूत्रधार गात असे आणि पात्रे त्याप्रमाणे हालचाल करीत, मग आयत्या वेळी सुचेल तसे बोलत. राम रडतो आहे, पण रडण्याचे पद सूत्रधाराच्या तोंडी. ‘इंदरसभा’त परी स्वतः येते आणि स्वतः गाते. दुःख ज्याचे, गळा त्याचा. किर्लोस्करांच्या शकुंतलेने हेच केले. साकी, दिंडी, कामदा ही वृत्ते मराठी, कथा कालिदासाची, गद्य मराठी वळणाचे. त्यात उसने काहीच नाही. पण पात्राने आपले गाणे आपण गावे ही वाट त्या आधी उर्दूने चालून दाखवली होती. पारशी नाटक म्हणजे भडक पडदे आणि सवंग करमणूक, असे लिहिणाऱ्या मराठी समीक्षकांनी हे ऋण मोकळेपणाने मांडले असते तर बरे झाले असते. आपण उर्दू माध्यमातल्या लोकांनीही ते मांडले नाही. आपल्याला किर्लोस्कर माहीत नसतात, त्यांना अमानत. दोन्ही भाषा एकाच शाळेच्या दोन वर्गांत शिकवल्या जातात, मधली भिंत मात्र पक्की.

तर १९३२. कलकत्त्याचे मदन हे मूळचे मुंबईच्या पारशी रंगभूमीतलेच. थोरले जमशेदजी फ्रामजी मदन नट म्हणून सुरुवात केलेले. पुढे त्यांनी नाटक कंपन्या विकत घेतल्या आणि मग चित्रपटगृहांची साखळी उभारली. त्यांच्या मुलाने, जे. जे. मदन यांनी, ‘इंद्रसभा’ दिग्दर्शित केला. मुख्य भूमिकांत मास्टर निसार आणि जहाँआरा कज्जन. दोघेही मंचावर तयार झालेले गळे. या जोडीचा ‘शिरीं फरहाद’ (१९३१) आधीच गाजला होता. विशेष म्हणजे १९२५ मध्ये मणिलाल जोशी यांनी ‘इंद्रसभा’चा मूकपटही केला होता. गाण्यातून बोलणाऱ्या नाटकाचा मूकपट! लोकांना कथा इतकी पाठ होती की ओठ हलले की गाणे त्यांना आपोआप ऐकू येत असावे.

१९३२ मध्ये पार्श्वगायन नव्हते. ते १९३५ च्या ‘धूप छाँव’पासून आले. त्याआधी नटाने कॅमेऱ्यासमोर उभे राहून त्याच क्षणी गायचे, वादकांनी चौकटीबाहेर दडून वाजवायचे, आणि मायक्रोफोन जिथे असेल तिथून फार हलायचे नाही. कॅमेऱ्याचा आवाज ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून तोही बंदिस्त. परी ही उडणारी, आणि तिला माईकच्या दोरीला बांधून ठेवायचे. पाच मिनिटांची गझल एका जागी उभे राहून गायची. मंचावर हे खपते, कारण तिथे प्रेक्षक दाद देतो, ‘मुकर्रर’ म्हणतो, गाणारी एखादी ओळ पुन्हा घेते. गाण्याची लांबी तिथे दोघे मिळून ठरवतात. पडद्यावरच्या कज्जनला कोण मुकर्रर म्हणणार? म्हटले तरी ती ऐकणार कशी? संख्या किती होती यापेक्षा या सत्तर गाण्यांसमोर बसलेला श्रोता नाटकातून काढून टाकला गेला, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. आणि ‘इंदरसभा’ हे तर श्रोत्याचेच नाटक आहे.

त्याच वर्षी, फेब्रुवारी १९३२ मध्ये, कोल्हापूरच्या प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. गोविंदराव टेंबे त्यात हरिश्चंद्र आणि संगीतकारही. तेही संगीत रंगभूमीवरूनच आलेले. पण शांतारामबापूंनी गाण्याला गोष्टीच्या आत जागा दिली, गोष्टीची जागा दिली नाही. पुढे आपल्याकडे हाच नमुना चालला आणि मदन यांचा मागे पडला. चित्रपट म्हणून प्रभातची वाट शहाणपणाची होती. मात्र त्या वाटेवर गाणे हा विसावा झाला. पात्र बोलून थकले की गाते, किंवा बागेत गेले की गाते. आजही तेच चालू आहे, म्हणून तर आपल्याला ७१ हा आकडा हास्यास्पद वाटतो. ७१ वेळा विसावा घेणारा प्रवासी पोहोचणार कधी, असे आपण समजतो.

उलट रंगमंच जसाच्या तसा पडद्यावर उचलल्याने काय होते हे मराठी प्रेक्षकाने १९३७ च्या ‘साध्वी मीराबाई’त पाहिले. बालगंधर्व त्यात मीरा झाले. वय पन्नाशीला टेकलेले. नाट्यगृहात पंधराव्या रांगेतून जे रूप दिसत होते ते कॅमेऱ्याने जवळ जाऊन पाहिले, आणि मंचावर वर्षानुवर्षे चाललेला करार एका क्षणात मोडला. गळा तोच होता. पण कॅमेरा कान नव्हे, डोळा आहे.

मग परीकथेचा संगीत खेळ चित्रित करायचाच नाही काय? करता येतो. स्वीडनचे दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांनी मोत्सार्टचा ‘जादूची बासरी’ हा खेळ दूरदर्शनसाठी चित्रित केला, तो १९७५ च्या पहिल्या दिवशी तिथे दाखवला गेला. मूळ खेळ १७९१ मध्ये व्हिएन्नाच्या एका लोकप्रिय नाटकगृहात झालेला, गाणी आणि मध्ये बोलणे, राजपुत्र, रात्रीची राणी, पक्षी पकडणारा विदूषक. थोडक्यात, व्हिएन्नाची ‘इंदरसभा’च म्हणा. बर्गमन यांनी सुरुवातीला वाद्ये वाजत असताना मंच दाखवलाच नाही, फक्त प्रेक्षकांचे चेहरे दाखवले. म्हातारे, तरुण, वेगवेगळ्या वंशांचे, आणि पुन्हा पुन्हा एका लहान मुलीचा चेहरा. जुन्या राजवाड्यातल्या नाटकगृहासारखा लाकडी मंच उभारला. राजपुत्रामागे लागलेला अजगर खरा भासावा अशी खटपट केली नाही. आत माणूस शिरलेला आहे हे स्पष्ट दिसते. मध्यंतरात रात्रीची राणी ‘धूम्रपान मना आहे’च्या पाटीशेजारी सिगारेट ओढताना दिसते. गाणी जर्मनऐवजी स्वीडिश भाषेत, घरोघरच्या लोकांना समजावीत म्हणून. गाणे आधी मुद्रित करून घेतले, त्यामुळे गायक मोकळे हलू शकले.

मदन यांना न मिळालेली साधने बर्गमन यांना मिळाली, हे खरे. पण फरक फक्त साधनांचा नाही. बर्गमन यांनी श्रोता परत आत आणला. नाटक हे नाटक आहे हे लपवले नाही, म्हणून परीकथा खरी वाटली. आणि ही युक्ती ‘इंदरसभा’ला परकी नाही. अमानत यांच्या प्रयोगात पात्र येण्याआधी लाल पडदा धरला जाई, साथीदार त्या पात्राची ‘आमद’ गात, मग महताबीचा उजेड होई आणि पडदा बाजूला सरे. कोण येणार हे आधी सांगून मग त्याला आणायचे. सगळे उघड. आमच्या आठवीच्या मुलांना मी आमद म्हणजे काय हे समजावले तेव्हा एक जण म्हणाला, सर, कुस्तीच्या दंगलीत पहिलवान येतो तशी. बरोबर तशीच!

दोन्ही कहाण्या शेजारी ठेवल्या की आणखी एक गोष्ट दिसते. मोत्सार्टच्या खेळात राजपुत्राची परीक्षा गप्प राहण्याची आहे. त्याने बोलायचे नाही. त्याची प्रिया समोर येऊन रडते आणि समजते की याचे प्रेम सरले. ‘इंदरसभा’त परीक्षा गाण्याची आहे, आणि ती स्त्रीची आहे. राजपुत्र विहिरीत पडून असतो, सोडवून आणते ती. गुलफाम हे पात्र अमानत यांनी फारच कच्चे ठेवले, हेही सांगितले पाहिजे. झोपेत आला, हट्ट केला, सापडला, कैद झाला. त्याच्या मर्जीशिवाय त्याला उचलून आणणे हेही आज वाचताना खटकते, मग ते परीने का केले असेना. पण म्हणूनच शिक्षेनंतरची सब्ज परी वेगळी दिसते. आधी तिच्याकडे पंख होते, हुकूम ऐकणारा देव होता, दरबारात जागा होती. हे सगळे गेले आणि गळा तेवढा उरला. ज्या देवाला ती हुकूम देत असे, त्याच काळ्या देवाने आता राजाला जाऊन सांगायचे की एक जोगन फार चांगले गाते.

पुढे १९५६ मध्येही ‘इंद्रसभा’ नावाचा चित्रपट आला. नंतर कोणी फारसे धजले नाही. आज कोणी हे काम हाती घेईल तर पऱ्या उडवण्याची सोय संगणकात भरपूर आहे, आणि मला त्याचीच धास्ती वाटते. पऱ्या उडतील, कोहेकाफ दिसेल, विहिरीतून धूर निघेल. मला पाहायचा आहे तो प्रवेश त्यात नाही. जोगन दरबारात गाते आहे. कॅमेरा तिच्याकडे पाठ करून इंदरच्या चेहऱ्यावर ठेवावा आणि गाणे संपेपर्यंत हलवू नये. जिच्या पाळीला तो झोपला होता, जिचे पंख त्याने उपटवले, तीच ही आहे हे त्याला अजून कळलेले नाही. तो फक्त ऐकतो आहे, आणि देण्याजोगे आपल्याकडे काय आहे याचा हिशेब करतो आहे.